रोपांची उष्टावण कधी? कोथरूडच्या गच्चीवरचं एक प्रकरण

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीची गच्ची. काकूंनी घटस्थापनेच्या दिवशी टोमॅटो आणि मिरचीचं बी पेरलं. प्रोट्रे (रोपं करायचा खणाखणांचा ट्रे) एकच होता, त्यामुळे अर्धं बी प्रोट्रेमध्ये नुसत्या कोकोपीटमध्ये गेलं. उरलेलं त्याच पाकिटातलं बी दह्याच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोकं पाडून त्यांत पेरलं. डब्यांत पोयटा माती, गांडूळखत आणि थोडं कोकोपीट असं अंदाजपंचे केलेलं मिश्रण होतं. ऊन दोन्हीकडे सारखं, आणि पाणीही काकूच घालत होत्या.

तीन आठवड्यांनी डब्यांतली टोमॅटोची रोपं गडद हिरवी, चार-पाच पानांची झाली. ट्रेमधली मात्र दोन खऱ्या पानांवर अडकून पडली, पिवळट आणि ठेंगणी. वसुबारसेला सगळे गुहागरला जाणार होते. आठ दिवस रोपांकडे बघायला कुणी नाही, तेव्हा जाण्याआधी पोटभर खायला घालून जावं, असा विचार करून काकूंनी आदल्या संध्याकाळी ट्रे, डबे, सगळ्यांनाच १९:१९:१९ या विरघळणाऱ्या खताचं पाणी दिलं. पाणी घालायचं काम वॉचमनवर सोपवलं. भाऊबीज करून परत आल्या तेव्हा ट्रेमधल्या निम्म्याहून जास्त रोपांच्या पानांच्या कडा करपलेल्या होत्या. मिरचीची बरीचशी रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली होती. डब्यांतली रोपं जळली नव्हती, पण लांबुडकी आणि लुसलुशीत होऊन एकमेकांच्या अंगावर रेलत होती, आणि शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) बसला होता.

मी गच्चीवरच्या बागांची देखभाल आणि सल्ल्याचं काम करतो. काकूंनी बोलावलं ते रोपं वाचवायला, पण प्रश्न विचारला तो सरसकट होता. "मला एकदा नीट सांगून टाक, रोपांची उष्टावण, म्हणजे पहिलं खत, कितव्या दिवशी करायची? कुणी म्हणतं पंधराव्या, कुणी म्हणतं महिन्याने. मी पंचविसाव्या दिवशी दिलं, तरी जळली."

उष्टावणीची उपमा अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर आहे. बी रुजतं तेव्हा त्याच्या पोटातली शिदोरी त्याला पुरते. टोमॅटो-मिरचीत पहिली जी जुळी, गुळगुळीत, कातरे नसलेली पानं वर येतात ती खरी पानं नव्हेतच, ती बीजपत्रं. त्यांत साठा असतो, शिवाय ती हिरवी होऊन थोडंफार अन्नही बनवतात. त्या काळात मुळं इतकी कोवळी आणि थोडी असतात की बाहेरून दिलेलं खत त्यांना घेताही येत नाही आणि सोसतही नाही. इथवर उपमा चालते. पुढे ती फसवते, कारण बाळाची उष्टावण महिने मोजून करतात आणि रोपांची तशी करता येत नाही. काकूंच्या गच्चीवर एकाच वयाची रोपं होती. त्यांतल्या निम्म्यांना खत हवं होतं आणि उशीरच झाला होता. उरलेल्या निम्म्यांना आणखी महिनाभर तरी काही नको होतं.

काय पाहिलं

पहिलं काम, ट्रे उचलून बघितला. जड होता, म्हणजे पाण्याची कमतरता नव्हती. तरी रोपं मलूल. ओल भरपूर असून रोप सुकल्यासारखं दिसत असेल तर माझा संशय आधी मुळांवर आणि क्षारांवर जातो. कोकोपीटवर पांढुरकी पापडी धरली होती. एका खणातलं रोप खालून पेनाच्या टोकाने ढकलून मुळासकट बाहेर काढलं. निरोगी रोपाची मुळं पांढरी असतात आणि खणाच्या कडेने जाळी विणतात. इथे जाळी होती, पण टोकं तपकिरी पडली होती. ही खूण महत्त्वाची. मुळं मुळात वाढलीच नसती तर दोष रुजवणीचा म्हटला असता. मुळं वाढली आणि मग टोकांपासून जळली, म्हणजे घाव अलीकडचा.

मग टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन काढलं. पाण्याचा फिल्टर बसवायला येणाऱ्या माणसाकडे असतं तेच, काही वेगळं लागत नाही. ट्रेवर थोडं पाणी हळूहळू ओतलं, खणांच्या भोकांतून गळलेलं स्टीलच्या वाटीत धरलं आणि त्यात पेन बुडवलं. आकडा दोन हजारांच्या पुढे. गच्चीवरच्या कॉर्पोरेशनच्या नळाचं पाणी शंभरच्या आसपास होतं, खडकवासल्याचं पाणी तसं हलकंच असतं. बोअरच्या नळाचं सातशेच्या वर निघालं. वॉचमनने आठही दिवस बोअरचंच पाणी घातलं होतं, कारण तो नळ ट्रेच्या शेजारी आहे. आणि घातलं म्हणण्यापेक्षा शिंपडलं होतं. वरून शिंपडलेलं पाणी खालून गळत नाही. ते उडून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणजे आधीच जास्त झालेलं खत धुऊन जायच्या ऐवजी रोज थोडं थोडं घट्ट होत गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९:१९:१९ मधल्या नत्राचा (नायट्रोजनचा) मोठा भाग युरियाच्या रूपात असतो, आणि विरघळलेला युरिया टीडीएसच्या पेनला दिसत नाही, कारण त्याचे भारित कण होत नाहीत. म्हणजे पेन जेवढं दाखवतं त्यापेक्षा मुळांवरचा ताण जास्तच असतो. आकडा कमी आला म्हणून खत कमी आहे असं समजू नये.

चमच्याचा हिशेब

काकूंनी किती दिलं? "लिटरला एक चमचा." कुठला चमचा? मिसळणाच्या डब्यातला नाही, चहाचा, आणि तोही शिगोशिग. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून पाहिलं तर पाच ग्रॅमच्या थोडं वर.

हे प्रमाण त्यांनी मनाने काढलं नव्हतं. मार्केट यार्डाजवळच्या ज्या दुकानातून पुडा आणला तिथल्या माणसाने सांगितलं होतं, "पंपाला पंचाहत्तर ग्रॅम." पंप म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप, पंधरा लिटरचा. लिटरला पाच ग्रॅम. दुकानदार चुकला असं मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर दिवसभर शेतकरी उभे असतात, आणि शेतात उभ्या असलेल्या, फांद्या फुटलेल्या पिकावर फवारायला ते प्रमाण चालतं. फवारणीत पानाला जेमतेम ओलावा लागतो, बाकी जमिनीत पडलं तरी तिथे टनावारी माती असते. काकूंनी तेच पाणी आळवणीसारखं मुळांत ओतलं, आणि ट्रेच्या एका खणात पाव वाटीसुद्धा कोकोपीट मावत नाही.

आता आकडे. १९:१९:१९ म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पोटॅश प्रत्येकी १९ टक्के. एक ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवलं तर १९० मिलिग्रॅम नत्र. पाच ग्रॅमला ९५०. कुंडीतल्या लहान रोपांना लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅम नत्र पुरतं, म्हणजे पाव ते अर्धा ग्रॅम खत. काकूंचं पाणी गरजेच्या दहापट तरी कडक होतं. खारट पाण्यात मूळ पाणी ओढू शकत नाही, उलट मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. ट्रे ओला आणि रोप तहानलेलं, हे कोडं तिथे सुटतं.

रोपवाटिकेत काम केलेला कुणी म्हणेल की आम्ही तर लिटरला तीन ग्रॅम फवारतो आणि काही होत नाही. खरं आहे. पण ते बारीक फवारा मारतात, तेही महिनाभराच्या रोपाला साधारण दोनदा, धुतलेल्या कोकोपीटमध्ये, शेडनेटखाली, आणि रोजच्या पाण्याने ट्रे नीट निथळतो. त्या साखळीतली एक कडी उचलून गच्चीवर आणली की तेच प्रमाण घातक ठरतं. घरी एका पाण्याआड लिटरला पाव-अर्धा ग्रॅम, हेच मला जास्त भरवशाचं वाटतं. चुकलं तरी थोडक्यात निभावतं.

ट्रे का उपाशी, डबा का तृप्त

काकूंचं एक निदान अगदी बरोबर होतं आणि ते मी त्यांना मुद्दाम सांगितलं. ट्रेमधली रोपं भुकेलेलीच होती. बीजपत्रं पिवळी पडून गळायला लागली, जुनी पानं फिकट आणि नवीन पान बाहेर पडायला तयार नाही, ही नत्राच्या उपासमारीची खूण. रोप जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं, त्यामुळे फिकटपणा खालून वर चढतो. लोहाची कमतरता असती तर उलट झालं असतं, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या.

नुसतं कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. त्यात ओल धरायची ताकद मोठी, हवा खेळते, बी रुजायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्यात रोपाला लागेल असं नत्र जवळजवळ नसतं. उलट तो भुसा कुजवणारे जिवाणू असलेलं नत्रही स्वतःसाठी घेतात. पोटॅश मात्र असतं, आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठही, कारण नारळ बहुधा किनारपट्टीचा आणि सोडणं कधीकधी खाऱ्या पाण्यात मुरवलेली. काकूंनी वीट बादलीत भिजवली, फुगली, भरली. धुतली नाही. पाकिटावर तसं कुठे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नव्हतं. म्हणून त्यांच्या ट्रेमध्ये पहिल्या दिवसापासून थोडा खारटपणा होताच, त्यावर बोअरचं पाणी, आणि त्यावर पाच ग्रॅम.

कोकोपीटची आणखी एक खोड आहे. त्याच्या कणांना सोडियम आणि पोटॅश चिकटलेलं असतं. ते सोडताना कोकोपीट पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतः पकडून ठेवतं. व्यावसायिक लोक त्यासाठी ते कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात मुरवून मग वापरतात. घरी एवढं करायची गरज नाही, पण ट्रेला पहिलं खत देताना एकदा १९:१९:१९ आणि एकदा कॅल्शियम नायट्रेट, दोन्ही अर्ध्या ग्रॅमच्या आत, असं आलटून पालटून दिलेलं चांगलं. दोन्ही एकाच बाटलीत घट्ट कालवू नयेत. कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की पांढरा साका बसतो आणि तो रोपाच्या उपयोगाचा नसतो.

आता डबे. एका डब्यात साधारण चारशे मिलिलिटर मिश्रण, त्यात तिसरा हिस्सा गांडूळखत. गांडूळखतात नत्र एक-दोन टक्के धरलं तरी एका डब्यात अर्धा ग्रॅम नत्र सहज निघतं. सगळं लगेच मिळत नाही, हळूहळू सुटतं. समजा महिन्यात दहावा हिस्साच सुटला, तरी पन्नास मिलिग्रॅम. महिन्याभराचं टोमॅटोचं रोप वाळवलं तर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरेल, आणि त्यात नत्र वीसेक मिलिग्रॅम. हिशेब ढोबळ आहे, पण सांगायचं ते सांगतो. डब्यातल्या रोपाच्या ताटात गरजेच्या दुप्पट आधीच वाढलेलं होतं. त्यावर ओतलेलं खत रोपाने घेतलंच, आणि घेऊन काय केलं तर नुसती उंची वाढवली. पेशी मोठ्या, भिंती पातळ, खोड लांब. असा शेंडा माव्याला फार आवडतो. मावा आला तो हवेतून, पण टिकला तो खतामुळे.

मिरची जास्त का मेली तेही यातच आहे. मिरचीचं बी टोमॅटोपेक्षा उशिरा रुजतं, टोमॅटो आठवड्यात वर येतो तेव्हा मिरची अजून मातीत असते. पंचविसाव्या दिवशी मिरचीला खऱ्या पानांची पहिली जोडी नुकती फुटत होती. कोवळं बूड, सतत ओलं कोकोपीट आणि नत्राचा भडिमार, यात रोपं कोलमडवणाऱ्या बुरशीला आयतं रान मिळतं. बुडाशी दोरा बांधल्यासारखं बारीक होऊन आडवं पडलेलं रोप परत उठत नाही. ती काढून टाकली.

पेरायचं मिश्रण आणि वाढवायचं मिश्रण वेगळं, ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेने १९३० च्या दशकात कुंड्यांसाठी जी मिश्रणं बसवून दिली त्यात बी पेरण्याचं मिश्रण मुद्दाम कमी खताचं होतं. कुंडीत बदलल्यावर एक नंबर, आणखी मोठं झाल्यावर दुप्पट खताचं दोन नंबर, तिप्पट खताचं तीन नंबर. आपल्याकडे नर्सरीत 'पॉटिंग मिक्स' नावाची एकच गोणी मिळते आणि तीच बियांनाही, जास्वंदीलाही, सात वर्षांच्या लिंबालाही. त्या गोणीत काय आहे हे विचारायची सवय ग्राहकालाही नाही. नर्सरीवाल्याला विचारा की बाबा रे, यात शेणखत किती, पेंड घातली आहे का, कोकोपीट धुतलंय का. उत्तर मिळालं की खत कधी सुरू करायचं याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

उपाय

ट्रे उतारावर ठेवून कॉर्पोरेशनच्या पाण्याने झारीने धुतला. खणांतून पाणी वाहू दिलं, निथळू दिलं, पुन्हा तेच. कुंडी असती तर तिच्या आकारमानाच्या दोन-तीनपट पाणी लागलं असतं. गळणाऱ्या पाण्याचा आकडा चारशेच्या खाली आल्यावर थांबलो. मग ट्रे जाळीवर उचलून ठेवला, खालून हवा लागेल असा, आणि वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निथळून नुसती ओल उरेपर्यंत, पाणी बंद. काकांना हे पटेना. "अहो, आधीच सुकलीयत आणि तुम्ही पाणी बंद करायला सांगताय?" मुळांना ओल हवी तशीच हवाही हवी, आणि वाफसा आल्याशिवाय नवं मूळ फुटत नाही, एवढंच सांगितलं. ते शेतकरी घरातले, वाफसा म्हटल्यावर लगेच मान डोलावली.

खत आठवडाभर काहीही नाही. करपलेल्या कडा हिरव्या होणार नाहीत, त्यांच्याकडे बघायचंच नाही, शेंड्याकडे बघायचं, हे काकूंना दोनदा सांगावं लागलं. कारण करपलेलं पान बघितलं की हात औषधाकडे जातो. जवळच्या कुणीतरी तोवर ताक फवारायला सांगितलं होतं, कुणी मोहरीच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी. दोन्ही थांबवली. पेंडीचं आंबवलेलं पाणी मोठ्या झाडांना देतात, पण कुजताना त्यात अमोनिया तयार होतो आणि लहान मुळांना तो सोसत नाही.

नवं पान टोकाला दिसल्यावर ट्रेला पाव ग्रॅम प्रति लिटरने सुरुवात केली. पाव ग्रॅम घरी कसा मोजायचा? मोजायचाच नाही. दहा ग्रॅम खत काट्यावर तोलून एका लिटरच्या बाटलीत विरघळवायचं, बाटलीवर ठळक 'खत' लिहायचं, आणि त्यातलं पंचवीस मिलिलिटर एक लिटर झारीत. खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण त्यासाठी छान. एका पाण्याला खत, दुसऱ्याला साधं पाणी, आणि दर वेळी थोडं पाणी खालून गळेल इतकं. रंग परतल्यावर पन्नास मिलिलिटर, म्हणजे अर्धा ग्रॅम.

डब्यांना एकदा भरपूर पाणी देऊन निथळू दिलं, आणि खताची बाटली त्यांच्यापासून लांब ठेवायला सांगितली. लांबुडकी रोपं मोठ्या कुंड्यांत बदलताना खोड खोलवर, खालच्या पानांपर्यंत गाडलं. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात, त्यामुळे उंचीचा दोष तिथे झाकला जातो. मिरचीच्या बाबतीत यावर विसंबू नये. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा आणि दोनदा निंबोळी तेल पुरलं. कुंड्यांत पुन्हा गांडूळखताचं मिश्रण होतं, तेव्हा पहिला फुलांचा घोस दिसेपर्यंत वरून काही नाही. त्यानंतर मात्र टोमॅटो खादाड होतो, तेव्हा हात आखडून चालत नाही, फक्त नत्र कमी आणि पोटॅश जास्त असं द्यायचं.

ट्रेमधली टोमॅटोची बहुतेक रोपं सावरली, मिरचीची थोडी. डब्यातल्यांपेक्षा दोन-तीन आठवडे मागे राहिली, आणि ती पिछाडी फळं येईपर्यंत भरली नाही. रोपाच्या पहिल्या महिन्यातली उपासमार पुढे खत देऊन पूर्ण भरून निघत नाही. खूप आधी देणं वाईट तसं कोकोपीटमध्ये वाट बघत बसणंही वाईट, हे म्हणूनच. नुसत्या कोकोपीटमधल्या रोपाला खऱ्या पानांची पहिली जोडी उघडली की पाव ग्रॅमने सुरुवात व्हायलाच हवी. टोमॅटोत ती साधारण पेरणीनंतर दोन आठवड्यांत येते. काकूंनी तेव्हा चिमूटभर दिलं असतं तर पंचविसाव्या दिवशी घाई करायची वेळच आली नसती.

डिसेंबरातलं जांभळं पान

प्रकरण इथे मिटायला हवं होतं, पण थंडीने शेपूट जोडलं. डिसेंबरात पारा दहा-अकराच्या खाली गेला आणि ट्रेमधून बदललेल्या टोमॅटोंच्या पानांच्या मागच्या बाजू जांभळ्या झाल्या. काकांनी फोनवर शोधलं, उत्तर मिळालं स्फुरदाची कमतरता, आणि डीएपी या स्फुरदाच्या खताचे दाणे कुंडीत टाकायची तयारी झाली. मी फोनवरच थांबवलं. कुंडीतल्या मातीत स्फुरद होतं, १९:१९:१९ मध्येही ते नत्राइतकंच असतं. रात्री कुंडी गार पडली की मुळांना ते उचलता येत नाही. गच्चीवरच्या कुंडीला जमिनीसारखं ऊबदार पोट नसतं, चहूबाजूंनी वारा लागतो. डीएपीत ४६ टक्के स्फुरद आणि वर १८ टक्के अमोनियाचं नत्र, गार आणि मंद मुळांजवळ ते दाणे म्हणजे पुन्हा दिवाळीचाच प्रकार झाला असता. कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून, खाली थर्माकोलचे तुकडे घालून ठेवल्या, पाणी संध्याकाळऐवजी सकाळी दहानंतर. संक्रांतीच्या सुमारास फुटलेली नवी पानं हिरवी आली. जुनी जांभळी तशीच राहिली आणि त्यांनी काही बिघडवलं नाही.

त्याच गच्चीवर एक जास्वंद होती, दिवाळीच्या आधी हडपसरच्या बाजूच्या नर्सरीतून आणून त्याच दिवशी मोठ्या कुंडीत बदललेली. तिलाही गुहागरला जायच्या आदल्या संध्याकाळी दोन मुठी निंबोळी पेंड मिळाली होती. तिने पानं गाळली, पण मेली नाही. पिशवीतून काढताना तुटलेली मुळं भरून यायला तीन-चार आठवडे लागतात, आणि नवी पालवी फुटली की तेच मुळं बसल्याचं चिन्ह. त्याआधी पेंड काय, गांडूळखतसुद्धा वरून घालायची गरज नसते. कलमाची काडी लावली असेल तर मुळं फुटेपर्यंत खताचा विषयच नाही.

पुढच्या जूनसाठी काकूंनी वांग्याचं बी आणलंय. कोकोपीट या वेळी गोणपाटात घालून नळाखाली धुतलं, गळणारं पाणी पेनने मोजून. पावसाळ्यात मात्र एक फरक करायचा आहे. जून-जुलैत गच्चीवर उघड्या ठेवलेल्या डब्यातलं नत्र पावसाने धुऊन जातं, त्यामुळे थंडीत सहा-आठ आठवडे पुरणारं गांडूळखताचं मिश्रण पावसात महिन्यातच फिकं पडू शकतं. तेव्हा डब्यांकडेही खालची पानं बघून ठरवावं लागेल. खत द्यायचं ते उघडीप मिळाल्यावर, वाफसा आल्यावर. झड लागलेली असताना दिलेलं सगळं गच्चीच्या पन्हाळीतून खाली जातं.